मूलच्या दारावरची काचेची लक्ष्मी

संपादकांचा निरोप आला की धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. आठवायला बसलो. काचवाल्याच्या आयुष्यात गमती नसतात असं नाही, पण गंमत दुसऱ्याची असते आणि तुकडे गोळा करायचं काम आपलं. आता माझी बोटं नीट वळत नाहीत. शिशाच्या कामानं पोटाचं जे काही केलं ते केलंच. झोप झाली तरी थकवा जात नाही. तेव्हा हलकंफुलकं कितपत जमेल ते सांगता येत नाही, जे आठवतं ते सांगतो.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. बाजाराच्या तोंडाशी आमचं दुकान होतं. अब्बा चौकटी करायचे, आरशांना पारा चढवायचे, आणि मी पुढं तेच करू लागलो. लग्नाचे फोटो, कॅलेंडरातले देव, वारलेले वडील, कपाटाची तावदानं, मोटारीच्या खिडक्या. लोकांना वाटतं हे नाजूक काम असेल. हे ओझ्याचं काम आहे. काचेचा पत्रा तांदळाच्या पोत्यासारखा जड असतो आणि पोत्यासारखा खाली टाकता येत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक होती. मोहर्लीकडचे एक पाटील कपाटाच्या दारासाठी काच घेऊन बैलबंडीनं जायचे. खाली धानाच्या तणसाचा जाड थर, वर घोंगडी, आणि तरी ती जंगलातल्या रस्त्यात कुठंतरी फुटायचीच. दर वेळी पुन्हा यायचे. शेवटी कंटाळून म्हणाले, "हनीफभाऊ, आता अर्धीच द्या. अर्धी तं तशीई फुटते, बाकीची मी मांडीवर घेऊन बसतो." एक जंगल खात्याचे साहेब होते, त्यांनी मारलेल्या वाघाच्या फोटोला काच हवी होती, पण अशी की पाहुण्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसू नये. मी म्हटलं, साहेब, काच म्हटली की तोंड दिसणारच. ते नाराज झाले. पाहुणे वाघासमोर उभे राहून मिशा नीट करतात, हे त्यांचं दुःख होतं.

पण मला सांगायचं आहे ते चांद्याजवळच्या मूल गावातल्या कामाबद्दल. तरुणपणी मी काही वर्षं मुंबईला एका कारखान्यात होतो. तिथं चर्चच्या रंगीत खिडक्या दुरुस्त होत. शेकडो रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेली चित्रं, त्यांतून ऊन आलं की माणूस बोलायचा थांबतो. ती विद्या मी तिथं शिकलो. पण दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतला तुटका कान, फुटका पंख बदलणं. अख्खी खिडकी, पहिल्या रेघेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझी, अशी एकही केली नव्हती. चांद्याला परत आलो तेव्हा ती इच्छा मी दुकानाच्या माळ्यावर टाकल्यासारखी टाकून दिली. चांद्यात कोण सांगणार होतं असलं काम?

सांगितलं मूलच्या दादाजींनी. त्यांची धानाची मिल होती, आणि मिलच्या बाजूलाच त्यांनी नवं घर बांधलं होतं, पूर्वेला तोंड करून. ते अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला आले, दुकानात बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "हनीफभाऊ, मुंबईले गेलतो. तिथी एका चर्चात काचेचा देव पाह्यला. उजेड आला का असा जित्ता होते! मले आपल्या दारावर लक्ष्मी पाह्यजे तशी. हातात धानाची लोंबी असनारी."

मनातल्या मनात मी काच निवडायलाही लागलो. तरी म्हटलं, "दादाजी, मी मुसलमान माणूस. तुमच्या घरात, तुमची लक्ष्मी. उद्या कोणी बोललं तर?"

"मायले इचारतो," ते म्हणाले.

त्यांच्या आईला सगळं मूल मोठीबाई म्हणायचं. ती मिल उभी राहिली ती त्यांच्या हाताच्या बळावर. उखळात धान कांडून तांदूळ विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. अजूनही अंगणात तांदळाचा दाणा पायाखाली आला की वाकून उचलायच्या आणि कपाळाला लावायच्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझी शंका ऐकून घेतली आणि उलट मलाच विचारलं, "माह्या सुनायले बांगड्या कोन भरते? तुमच्यातला मनियारच भरते ना? सनावाराच्या बांगड्या. तवा कोनी काही म्हनलं? तुमी करा. फक्त नथ मोठी द्या तिले."

घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "चेहरा बनाना है तो बना, रोज़ी है. पर मेरे घर में नहीं." म्हणून ते सगळं काम मी मूलला केलं, मिलच्या रिकाम्या गोदामात. मला ते बरंच पडलं. गोदामाला उत्तरेकडून मोठी खिडकी होती, दिवसभर एकसारखा मऊ उजेड यायचा. तिथं ऊन कधी आत येत नसे. हे चांगलं आहे असं मला तेव्हा वाटलं.

आता हे काम कसं करतात ते सांगतो, कारण लोकांना वाटतं काचेवर रंग फासतात. तसं नाही. रंग काचेच्या आतच असतो, काच वितळलेली असतानाच त्यात मिसळलेला. लाल काच आरपार लाल दिसते, हिरवी आरपार हिरवी. मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे परदेशी काचेचा उरलासुरला माल पडून होता, तो मी निवडून आणला. आधी कागदावर खिडकीएवढंच चित्र काढायचं. मग प्रत्येक तुकड्याला नंबर घालून ते चित्र कापायचं, आणि कापताना दोन तुकड्यांमध्ये बारीक फट सोडायची, कारण तिथं शिसं बसणार असतं. ती फट सोडली नाही तर शेवटी लक्ष्मी चौकटीत मावत नाही. तो कागदाचा तुकडा काचेवर ठेवून हिऱ्याच्या कलमेनं कडेनं रेघ ओढायची. कलम काच कापत नाही, नुसता चरा पाडते. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं धरून काच मोडायची असते. ती मोडेल की फुटेल हे हाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. पदराच्या आतल्या वळणाला मी इतक्या काचा घालवल्या की दादाजी गोदामात डोकावले की मी त्या पोत्यामागं सरकवायचो.

नाक, डोळे, नथ, बोटांच्या रेघा मात्र काढाव्या लागतात. त्यासाठी लोखंडाचा गंज आणि काचेची पूड गोंदाच्या पाण्यात खलतात, त्या काळपट रंगानं रेघा ओढतात आणि तो तुकडा भट्टीत घालतात. रंगातली काच वितळून मूळच्या काचेला धरते, मग ती रेघ पावसानंही जात नाही. मिलच्या मागं मी विटांची छोटी भट्टी बांधली, आत लोखंडी पेटी, पेटीत चुन्याच्या भुकटीवर काच. भट्टी पेटवण्यापेक्षा ती थंड होईपर्यंत दम धरणं कठीण. पहिला चेहरा तडकला, कारण ऐन वेळी वारं सुटलं आणि फटीतून आत शिरलं. दुसऱ्या चेहऱ्याच्या वेळी मी भट्टीला चिखलानं लिंपून टाकलं आणि पाठ फिरवून बसलो. तो चेहरा चांगला आला. मी सांगतो म्हणून नाही, खरंच चांगला आला. किंचित पिवळसर काचेवर ते डोळे असे उमटले होते की पोती उचलणाऱ्या बायका गोदामात आल्या की पदर सावरायच्या.

मग जोडणी. शिशाची पट्टी दोन्ही बाजूंनी खाचेची असते. एका खाचेत हा तुकडा, दुसऱ्या खाचेत तो, असं कोपऱ्यापासून भरत जायचं आणि ढळू नये म्हणून घोड्याच्या नालाचे खिळे ठोकत जायचं. जिथं दोन पट्ट्या मिळतात तिथं कलईचा टाका. टाका धरावा म्हणून मुंबईला चरबी लावत. लक्ष्मीच्या कामाला चरबी कशी चालेल? मी राळ आणि जंगलातून बाजारात येणारं मधाच्या पोळ्याचं मेण वापरलं. टाके जरा हट्टीपणा करत होते, पण धरले. शेवटी पट्ट्यांच्या खाली जवसाच्या तेलात मळलेला खडूचा लगदा ब्रशनं कोंबायचा, म्हणजे खडखड होत नाही आणि पाणी शिरत नाही. वरचं तेल पुसायला लाकडाचा भुसा लागतो. इथं धानाचा कोंडा हवा तेवढा होता. मोठीबाईंनी स्वतः मूठमूठ कोंडा टाकून लक्ष्मीचे पाय पुसले.

इतका सगळा विचार केला होता मी. चरबीचा केला, नथीचा केला, अब्बांचा केला.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, घरी यायच्या आधी काच दारावर बसली. भादवा होता, आभाळ सदा भरलेलं. दाराच्या वर माणसाच्या उंचीची कमान होती, तिच्यात लोखंडी गजांना तांब्याच्या तारेनं बांधून आम्ही ती उभी केली. ढगांच्या उजेडातही ती आतून पेटल्यासारखी दिसत होती. लाल लुगडं, हिरवी चोळी, हातात पिवळी लोंबी, खाली कमळ. सणाला आलेलं सगळं मूल मान वर करून बघत होतं. दादाजींनी मला सगळ्यांसमोर शाल-नारळ देऊन मान दिला, आणि मोठीबाईंनी माझ्या हातांकडे बघून म्हटलं, "जपा त्याले." त्या दिवशी मला वाटलं, आता मेलो तरी चालेल, एक तरी खिडकी अख्खी माझी आहे. तरुण माणसाला असं वाटतं.

आश्विनात आभाळ उघडलं. दसरा झाल्यावर दादाजी पुन्हा छोट्या गाडीनं चांद्याला आले. यावेळी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "हनीफभाऊ, काच धड आहे. पन तुमी चला. मले सांगता नाई येत, तुमीच पाहा."

आम्ही त्याच दिवशी गेलो आणि दुसऱ्या सकाळी सूर्य उगवताना मी त्या बैठकीत उभा होतो. ऊन आडवं आत आलं. समोर देवघर होतं, देवघराच्या भिंतीवर लक्ष्मी पडली. काचेतली नव्हे, उन्हातली. नाकडोळे दिसत नव्हते, बारीक रेघा तेवढ्या लांब टिकत नाहीत, पण लाल लुगडं, हिरवी चोळी, पिवळे हात सगळं ओळखू येत होतं. घरातल्या सगळ्यांनी हात जोडले. मीही बघत राहिलो, कारण मी केलेलं काम इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

मग सूर्य वर चढला आणि लक्ष्मी भिंतीवरून खाली उतरली. ती जमिनीवर आडवी झाली. बैठकीतून स्वयंपाकघरात जायची वाट तिच्यावरूनच होती. दोघी सुना पाण्याचे पितळी गुंड घेऊन आल्या आणि भिंतीला पाठ घासत, पावलं तिरकी टाकत कडेनं गेल्या. एकीनं चौकटीसारखे पाट मांडून तिला कुंपण घातलं होतं, पण पाट जागेवर राहिले आणि लक्ष्मी पुढं सरकली. कामाला आलेल्या बाया दाराबाहेर थांबल्या होत्या, आत पाय टाकायला एकही तयार नव्हती. ऊन जसजसं चढलं तसतशी ती दाराकडे सरकत गेली, पाय पुढं करून, आणि शेवटी उंबऱ्याजवळ जाऊन चपलांच्या ढिगावर पडली.

मुंबईच्या चर्चमध्ये लोक बूट घालून त्या रंगांवरून चालत जायचे. जमिनीवर रंग पडणं म्हणजे खिडकी चांगली झाल्याची खूण, असंच आम्हाला शिकवलं होतं. तिथं ते कोणाला खटकत नव्हतं. दादाजींनी तिथं बघितलं, मी तिथं शिकलो, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आपल्याकडे पाय कुठं पडतो ते आधी बघतात.

मोठीबाई आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्यांच्या मनगटाला पट्टी होती. त्या रंगाला वळसा घालताना उंबऱ्यावर पडल्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "माह्या हाताचं सोडा, ते जुळून येते. आदी मले वाटलं, पाय पडते म्हनून जीव घाबरते. ते तं हायेच. पन पाहा ना, कुठून निंघाली आन् कुठी गेली ते. देवघरातून निंघाली, उंबऱ्यापावतर गेली. रोज सकाळी माह्या घरातून लक्ष्मी बाहेर चालली, आन् मी बसून पाहून राह्यली."

नवं धान यायचे दिवस जवळ आले होते, मिलचा खरा हंगाम. यंत्राचा पट्टा एकदा तुटला होता, तो कुठल्याही मिलमध्ये तुटतो, पण हमालांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. मोठीबाई मागच्या दारानं ये-जा करत, सकाळी दारात बसून कामाच्या बायांशी बोलायची त्यांची सवय बंद झाली होती. एवढ्या कष्टानं उभ्या केलेल्या घराच्या पुढच्या दारातून त्यांना जाता येत नव्हतं.

उपाय सगळ्यांनी सांगितले. दादाजी म्हणाले, काढून घेऊ. मोठीबाई त्यांच्यावर कडाडल्या, "बसवलेली लक्ष्मी दारावरून उतरवतं? येडा झाला का तू?" थोरली सून म्हणाली, पडदा लावू. "तिच्या तोंडावर फडका टाकतं?" बाहेरून बांबूची तट्टी बांधून पाहिली, तर ऊन अडलं पण काच काळीठिक्कर पडली. आतून बघितलं तर जळालेल्या बाईसारखी दिसत होती. मोठीबाईंनी ती तट्टी तेव्हाच सोडवली.

उपाय मला पहिल्या सकाळीच माहीत होता. मी बोललो नाही. मी सगळ्यांचे उपाय संपू दिले आणि मग मोठीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. वयस्क बाईनं असं बघितलं की खोटं बोलता येत नाही.

"दुधी करता येते, बाई," मी म्हटलं. "बाहेरच्या अंगानं काच घासायची. खरखरीत झाली की उजेड फुटून येतो, सरळ येत नाही. मग चित्र खाली पडत नाही."

"तिच्या अंगाले तं काही नाई होत?"

"तशीच दिसेल. पण ती झळाळी राहणार नाही. लाल लुगडं विटल्यासारखं होईल."

"मंग मांगून पुन्हा चोख करता येते?"

"नाही."

त्यांनी वर काचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या जिवाले लागन, हनीफभाऊ."

"लागेल," मी म्हटलं.

"मंग काऊन सांगितलं मले?"

"तुम्ही मागच्या दारानं जाता म्हणून."

काच उतरवायची नव्हती, म्हणून बाहेरून बांबूची परांची बांधली आणि त्यावर उभा राहून मी माझीच खिडकी घासली. कुरुंदाची पूड ओली करून काचेवर लावायची आणि छोट्या सपाट दगडानं गोल गोल फिरवायचं. मधे शिशाच्या पट्ट्या उंच, म्हणून एकेक तुकडा वेगळा घासावा लागे, आणि कोपऱ्यात दगड पोचत नाही तिथं बोट. बोटांची कातडी गेली. बाहेरून काच काळपट दिसते, चित्र काही दिसत नाही, त्यामुळं आपण काय मारतो आहोत ते दिसत नव्हतं. ती एक त्यातल्या त्यात सोय होती.

रोज सकाळी मोठीबाई आत बसून सांगायच्या, उन्हात काय उरलं आहे ते. "मुकुट गेला, हनीफभाऊ." "लोंबी गेली." "पदर अजून पडून राह्यला, डाव्या अंगाचा." मी परत पदर घासायचो. चेहरा मी ज्या दिवशी घासला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला त्यांचा राग आला, दादाजींचा आला, उन्हाचा आला. शाबास म्हणून ज्या हातांना जपायला सांगितलं त्यांच्याकडूनच हे करून घेतलं म्हणून आला. पण राग कोणावर काढायचा ते समजत नव्हतं, कारण त्या बाईचं चुकत नव्हतं. तिच्या घरातून लक्ष्मी जात होती हे मीही डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी फक्त पाय उरले. सकाळी मोठीबाई आतून म्हणाल्या, "पावलं राहू द्यायची का? महालक्ष्मीची पावलं काढतो ना आमी भुईवर, तशी." मी दगड हातात धरून थांबलो. मग थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला, "नाई. चपलाइकडंच चालली ते. घासा."

घासले.

घर मार्गी लागलं. सुना सरळ वाटेनं पाणी आणू लागल्या, कामाच्या बाया आत येऊ लागल्या, नवं धान आलं आणि मिल रात्रंदिवस चालली. दादाजी पाहुण्यांना म्हणायचे की झगमग कमी झाली पण घरात शांत वाटते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणायचो. पुन्हा मूलचं काम आलं की मी दुसऱ्या काचवाल्याचं नाव सुचवायचो. त्यानंतर अशी खिडकी करायला कोणी सांगितलंही नाही, आणि सांगितलं असतं तर मी केली असती की नाही, ठाऊक नाही. फोटोच्या चौकटी करत राहिलो.

काही वर्षं अशी गेली. एकदा गडचिरोलीला एका कचेरीची तावदानं बसवून मी बसनं परत येत होतो. उन्हाळा होता, कंबर धरली होती. मूलच्या स्टँडवर दादाजींच्या माणसानं ओळखलं आणि ओढूनच नेलं, मिलच्या ऑफिसची एक काच फुटली होती. साधी काच होती, चटकन झाली. निघणार तर गडी म्हणाला, मोठीबाईनं बोलावलं आहे.

मी घराकडे वळलो तर दाराबाहेर शिडी लावलेली, तिच्यावर एक म्हातारा हमाल बादली अडकवून उभा, आणि तो लोट्यानं कमानीवर पाणी मारत होता. माझ्या लक्ष्मीवर. मला वाटलं धुताहेत.

आत मोठीबाई बाजेवर बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. "या, बसा," त्या म्हणाल्या. "वर पाहा."

वर पाहिलं आणि मी खाली बसलो. लुगडं लालभडक होतं. चोळी हिरवीगार, नथ, डोळे, लोंबीचा दाणा न् दाणा. जशी गोदामात होती, जशी भादव्यात होती, तशीच. खरखरीत काचेवर पाणी बसलं की ती आरपार होते, हे मला माहीत होतं, कोणत्याही काचवाल्याला माहीत असतं. पण याचा असा उपयोग करावा हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी इकडं फिरकलोच नव्हतो.

"एका पावसात दिसली मले," मोठीबाई म्हणाल्या. "झड आली दारावर आन् एकदम पेटली. तवा समजलं. आता दुपारून पानी मारायले लावतो. दुपारून ऊन इकडं नसते, भुईवर पडत नाई, कोनाच्या पायाखाली येत नाई. घरातले सारे निजले रायते. वाळेपावतर मी बसतो तिच्यासंगं."

"रोज?"

"जमन तवा. मले माह्या मनचं तुमाले सांगता नाई आलं, तुमी घासत होते तवा. मी एकेक सांगत होती, हे गेलं, ते गेलं. माह्याच जिवाचे तुकडे सांगून राह्यली होती."

आम्ही दोघं वर बघत बसलो. उन्हाळ्याची हवा, पाणी किती टिकणार? वरून वाळायला लागलं. मुकुट विटला, मग कपाळ. एकेक तुकडा पांढुरका होत खाली उतरत गेला. डोळे गेले तेव्हा मोठीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. पायांशी ओल जरा जास्त वेळ राहिली, मग तीही गेली.

"थकले दिसता," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

"जेवतो," मी म्हटलं, आणि उठलो. पण स्वयंपाकघराकडे गेलो नाही. बाहेर आलो, हमालाला म्हटलं, बाबा, तू उतर जरा. गुडघे कुरकुरत होते, तरी शिडी चढलो. बाहेरून ती काच नुसती राखेच्या रंगाची दिसते, तिच्यात काही आहे असं कोणी म्हणणार नाही. मी लोटा भरला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश पाणी सोडलं, एकही कोपरा कोरडा राहू नये असं.

आतून त्यांचा आवाज आला.

"आली, हनीफभाऊ. आली."

मी पुन्हा लोटा भरला.